ऑटो-ट्यूनचे बटण असताना बोडे प्लॉट आणि रूट लोकस कशासाठी शिकायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन नुकतेच रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लँटमध्ये रुजू झाले आहेत. कॉलेजात बोडे, नायक्विस्ट, रूट लोकस, निकोल्स चार्ट असे कंट्रोलचे सगळे आलेख हाताने काढून झाले. प्लँटवर मात्र डीसीएसमध्ये (प्लँट चालवणाऱ्या संगणक प्रणालीत) कंट्रोलरचे आकडे आपोआप ठरवणारे ऑटो-ट्यून आहे, सीनियर मंडळी ट्रेंड बघून गेन (कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा) खाली-वर करतात आणि आलेखाचे नावही कुणी काढत नाही. तर हे सगळे परीक्षेपुरतेच होते का? आणि नसेल, तर चारांपैकी आधी कुठले पक्के करावे?

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोजाकडे बरीच वर्षे लूप ट्यूनिंगचे, म्हणजे सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी नीट चालावी म्हणून कंट्रोलरचे आकडे ठरवण्याचे, काम करतो आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: हे आलेख रोजच्या कामाचे आहेत. मात्र त्यांचा उपयोग कॉलेजात सांगितला जातो त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे.

आधी हे आलेख आले कुठून ते पाहू. हॅरल्ड ब्लॅक यांना 1927 मध्ये निगेटिव्ह फीडबॅक अँप्लिफायरची कल्पना सुचली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर आवाज न बिघडवता वाढवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. फीडबॅक दिला की अँप्लिफायर सुधारायचा, पण कधीकधी स्वतःच शिट्टी मारू लागायचा. ते का होते, याचा नेमका निकष हॅरी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये मांडला आणि बेल लॅब्जमधल्या हेन्ड्रिक बोडे यांनी तो लॉग स्केलवर, सरळ रेषांच्या भाषेत आणला. झीग्लर आणि निकोल्स यांचे ट्यूनिंगचे नियम 1942 चे, तेही प्रोसेस इन्स्ट्रुमेंट बनवणाऱ्या कंपनीतून आलेले. विमानांच्या कंट्रोलवर काम करणाऱ्या वॉल्टर इव्हान्स यांनी रूट लोकस 1948 मध्ये मांडला. वरच्या घाताची समीकरणे हाताने सोडवणे तेव्हा फार किचकट होते, म्हणून या मंडळींनी ती सोडवणे टाळून उत्तराकडे जाणारी वाट काढली. आज समीकरण सोडवायला सॉफ्टवेअरला क्षणही लागत नाही. त्यामुळे आलेखाचे ते काम संपले, असे वाटणे साहजिक आहे.

पण सॉफ्टवेअर जे सोडवते ते तुम्ही दिलेल्या मॉडेलपुरते, आणि प्लँट काही त्या मॉडेलशी बांधील नसतो. लोड बदलतो, हीट एक्स्चेंजरवर थर बसतो, व्हॉल्व्हचे पॅकिंग घट्ट होते. आज चांगला चालणारा लूप उद्या कुठल्या बदलाने बिघडेल आणि त्या बदलापासून आपण किती लांब आहोत, हे आलेखावर दिसते. गेन आणि रिसेटच्या (म्हणजे इंटिग्रल टाइमच्या) दोन आकड्यांत ते दिसत नाही. माझ्या मते या विषयाची सगळी किंमत इथे आहे.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत, पण असे लूप तुम्हाला पावणे, महापे, तुर्भे कुठेही भेटतील. स्टीमवर चालणारा हीटर आहे, बाहेर पडणाऱ्या प्रॉडक्टचे तापमान मोजून स्टीम व्हॉल्व्ह चालवायचा आहे. लूप मॅन्युअलवर घ्या, सगळे स्थिर होऊ द्या, पॅनेल ऑपरेटरला सांगून व्हॉल्व्ह 5 टक्के उघडा आणि ट्रेंड बघत बसा. 20 सेकंद काहीच होत नाही. मग तापमान चढू लागते आणि शेवटी ट्रान्समीटरच्या रेंजच्या 7.5 टक्क्यांनी वर जाऊन थांबते. त्यातला 63 टक्के भाग, म्हणजे साधारण 4.7, स्टेप दिल्यापासून 120 व्या सेकंदाला पूर्ण होतो. मॉडेल तयार झाले: गेन 1.5 (7.5 भागिले 5), डेड टाइम म्हणजे काहीच न होण्याचा वेळ 20 सेकंद, टाइम कॉन्स्टंट 100 सेकंद (120 वजा 20).

आता बोडेसाठी सेमी-लॉग पेपर घ्या. स्टेशनजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल, नाहीतर साध्या वहीत चार ओळींचे कोष्टक करा, तेवढे पुरते. फ्रिक्वेन्सी दर वेळी दुप्पट करत जा. 0.01 रेडियन प्रति सेकंदला या प्रोसेसचे मॅग्निट्यूड (व्हॉल्व्ह झुलवला तर तापमान त्याच्या किती पट झुलते) 1.06 आणि फेज (ते किती मागे पडते) उणे 56 अंश येते. 0.02 ला 0.67 आणि उणे 86. 0.04 ला 0.36 आणि उणे 122. 0.08 ला 0.19 आणि उणे 175.

इथे घाईने पुढे जाऊ नका. ही फेज कुणाकुणाच्या वाट्याची आहे ते वेगळे करा. टाइम कॉन्स्टंटचा वाटा 0.02 ला 63 अंश, 0.04 ला 76, 0.08 ला 83 असा आहे. तो 90 च्या पुढे कधीच जाणार नाही. डेड टाइमचा वाटा मात्र 23, 46, 92 असा दर वेळी दुप्पट होतो, आणि बदल्यात मॅग्निट्यूड एक कणही कमी करत नाही. टाइम कॉन्स्टंट फेज खातो, पण गेनही उतरवतो. डेड टाइम नुसता खातो. तापमानाच्या लूपमध्ये सेन्सर हीटरपासून दूर बसवू नका, जाडजूड थर्मोवेल (सेन्सरभोवतीची संरक्षक नळी) लावू नका, असे जुने फोरमन जे सांगतात त्याचे कारण या चार ओळींत आहे. हे कोष्टक एकदा हाताने केलेला माणूस पाइपिंगच्या ड्रॉइंगवर सेन्सरची जागा बघूनच बोलायला उठतो. मला तो फायदा ट्यूनिंगपेक्षाही मोठा वाटतो, कारण पाइप टाकून झाल्यावर डेड टाइम कुठल्याही कंट्रोलरने कमी होत नाही.

पुढे चला. फेज उणे 180 ला पोचते ती फ्रिक्वेन्सी 0.0844 च्या आसपास आहे, म्हणजे सुमारे 74 सेकंदांचे आवर्तन. तिथे मॅग्निट्यूड 0.176, म्हणून नुसत्या प्रपोर्शनलवर (सेटपॉइंटपासूनच्या तफावतीच्या प्रमाणात व्हॉल्व्ह हलवून) कंट्रोलरचा गेन 5.7 च्या जवळ नेला की लूप सतत झुलत राहील. रिले पद्धतीचे ऑटो-ट्यून हाच एक बिंदू शोधते. 1984 मध्ये कार्ल ऑस्ट्रोम आणि टोरे हेग्लुंड यांनी ती पद्धत मांडली: कंट्रोलरच्या जागी तात्पुरता रिले ठेवायचा, व्हॉल्व्ह दोन पातळ्यांमध्ये मागे-पुढे करायचा आणि लूप ज्या आवर्तनाने झुलतो ते मोजायचे. म्हणजे तुमचे बटण नायक्विस्टच्या (मॅग्निट्यूड आणि फेज एकत्र दाखवणाऱ्या) वक्रावरचा एक बिंदू मोजून आणते, तोही त्या वेळच्या लोडला. काही कंपन्यांचे ऑटो-ट्यून स्टेप देऊन मॉडेल काढते, पण तेही त्या वेळचेच.

झीग्लर-निकोल्सच्या नियमाने पीआय (प्रपोर्शनल आणि साचत जाणारी तफावत धरणारा इंटिग्रल) कंट्रोलर बसवू. गेन 2.55, इंटिग्रल टाइम (जितका कमी तितका इंटिग्रल जोरात) 62 सेकंद. बोडेवर हा कंट्रोलर धरून पाहिले तर मॅग्निट्यूड 0.04 ला 1 होते आणि तिथे एकूण फेज उणे 144 आहे. फेज मार्जिन, म्हणजे उणे 180 ला पोचायला उरलेली जागा, 36 अंश. ट्रेंड बघाल तर दोन-तीन वळसे घेऊन तापमान बसते, चपळ वाटते, सगळे खूश होतात.

आता रात्रपाळी. मागणी कमी आहे म्हणून फ्लो निम्म्यावर आणला. तेवढ्याच स्टीमला आता निम्मे प्रॉडक्ट तापवायचे आहे, म्हणून प्रोसेसचा गेन वाढतो. पाइपमधला वेग कमी झाला, म्हणून डेड टाइमही वाढतो. टाइम कॉन्स्टंट थोडा वाढतो आणि तेवढाच काय तो आपल्या बाजूने. समजा गेन 2.5, डेड टाइम 35, टाइम कॉन्स्टंट 130 झाला. कंट्रोलर तोच. क्रॉसओव्हर (मॅग्निट्यूड 1 होते ती फ्रिक्वेन्सी) 0.051 वर सरकतो, तिथे डेड टाइम एकटाच 102 अंश खातो आणि एकूण फेज उणे 201 होते. मार्जिन उणे 21 अंश. लूप नाचणारच. पहाटे ऑपरेटर तो मॅन्युअलवर टाकतो, सकाळी फ्लो पूर्ववत होतो, जनरल शिफ्टचा इंजिनिअर येऊन पाहतो तर सगळे शांत. मग ऑपरेटरलाच ऐकवले जाते की तुम्ही उगाच हात लावता. हे मी इतक्यांदा पाहिले आहे की अशा तक्रारीत मी नेहमी ऑपरेटरच्या बाजूने सुरुवात करतो. त्याने पाहिलेले खरे असते, फक्त ते वेगळ्या लोडचे असते.

तोच आलेख दुरुस्तीही सुचवतो. इंटिग्रल टाइम प्रोसेसच्या टाइम कॉन्स्टंटइतका, 100 सेकंद ठेवा आणि गेन 1.2 वर आणा. दिवसा क्रॉसओव्हर 0.018 वर येतो आणि मार्जिन 69 अंश मिळते. रात्रीच्या आकड्यांवर हाच कंट्रोलर तपासा: क्रॉसओव्हर 0.024, मार्जिन 37 अंश. म्हणजे झीग्लर-निकोल्सवाला लूप दिवसा जसा चालायचा, साधारण तसा हा रात्री चालेल. मार्जिनला क्रॉसओव्हरने भागले की आणखी एक उपयोगाचा आकडा मिळतो, डेड टाइम किती वाढला तरी चालेल याचा. पहिल्या ट्यूनिंगला 16 सेकंद, दुसऱ्याला 67. अंश रेडियनमध्ये करायला तेवढे विसरू नका.

हे फुकट मिळत नाही. लोडमध्ये धक्का बसला की तापमान सेटपॉइंटपासून किती आणि किती वेळ दूर राहते, याचे मोजमाप इंटिग्रल टाइम भागिले गेन एवढे असते. पहिल्याला ते 24, दुसऱ्याला 83. जवळपास साडेतीन पट. प्रॉडक्टला ते सोसत नसेल तर फ्लो मीटरचा सिग्नल घेऊन फीडफॉरवर्ड द्या (तापमान बिघडण्याआधीच व्हॉल्व्ह हलवा), किंवा फ्लोप्रमाणे गेन बदलणारे कोष्टक डीसीएसमध्ये घाला. यातले काय करायचे हा निर्णय प्रॉडक्शनबरोबर बसून घ्यायचा असतो आणि त्या बैठकीत हा कागद समोर ठेवला की बोलणे सोपे होते. ‘लूप स्लो का ठेवला?’ या प्रश्नाला 37 अंश हे उत्तर आहे.

आपल्याकडे लोडखेरीज ऋतूचाही हिशेब ठेवावा लागतो. कूलिंग टॉवरचे पाणी हवेच्या वेट बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाखाली जाऊ शकत नाही, आणि खाडीकाठच्या दमट हवेत मे-जूनला ते चांगलेच कोमट असते. रिअॅक्टर आणि पाणी यांच्यातला फरक कमी, म्हणून कूलिंग व्हॉल्व्हच्या एका टक्क्याचा परिणामही कमी. जूनमध्ये वैतागून गेन वाढवलेला लूप जानेवारीच्या गार पाण्यावर झुलू लागतो. निकोल्स चार्टचा (फेजसमोर मॅग्निट्यूड काढलेल्या आलेखाचा) खरा उपयोग इथे होतो, कारण त्यावर प्रोसेसचा गेन बदलला की सगळा वक्र आकार न बदलता सरळ वर किंवा खाली सरकतो. ट्रेसिंग पेपरवर वक्र काढून सरकवून बघा, किती जागा उरते ते लगेच कळते. बाकी निकोल्स चार्ट मी क्वचितच वापरतो. बोडे नीट येत असेल तर त्याच्यावाचून अडत नाही.

रूट लोकस म्हणजे गेन बदलला की लूपचे पोल (लूपच्या समीकरणाची मुळे, लूप झुलेल की शांत होईल हे ठरवणारी) कसे सरकतात त्याचा आलेख. त्याबद्दल तुमचा समज बहुधा असा असेल की तो सर्व्हो मोटर आणि विमानांसाठी. तापमानाच्या लूपमध्ये तो मलाही सोयीचा वाटत नाही, कारण डेड टाइम असला की त्याला अगणित शाखा फुटतात आणि अंदाजी सूत्रे घालून काम भागवावे लागते. पण लेव्हलच्या लूपमध्ये त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि लेव्हलचे लूप जितके चुकीचे ट्यून केलेले असतात तितके दुसरे कुठलेच नसतात.

टाकीची लेव्हल ही इंटिग्रेटर असते: आत-बाहेरच्या फ्लोमध्ये फरक आहे तोवर ती चढत किंवा उतरत राहते. त्यावर पीआय कंट्रोलर लावला की ओपन लूपचे दोन पोल मूळबिंदूवर येतात आणि एक झिरो (अंशाचे मूळ) डावीकडे, उणे एक भागिले इंटिग्रल टाइम या जागी. हा लोकस कागदावर काढा. दोन्ही शाखा मूळबिंदूतून निघून एक वर, एक खाली जातात, झिरोभोवती वर्तुळ घेतात आणि झिरोच्या पलीकडे, दुप्पट अंतरावर, पुन्हा अक्षाला मिळतात. गेन वाढवत नेला तर पोल वर्तुळावरून पुढे सरकत अक्षावर येतात आणि झुलणे थांबते. गेन कमी केला तर ते मूळबिंदूकडे, काल्पनिक अक्षाला चिकटून परत येतात. म्हणजे इथे गेन कमी केल्याने लूप जास्त झुलतो. सगळ्या प्लँटवर चालणाऱ्या ‘हंटिंग होतंय? गेन कमी कर’ या सल्ल्याच्या हे बरोबर उलट आहे.

आकडे घालून पाहू. व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तर टाकी 10 मिनिटांत भरते, म्हणजे इंटिग्रेटरचा गेन मिनिटाला 0.1. कंट्रोलरचा गेन 2, इंटिग्रल टाइम 2 मिनिटे, कारण शेजारच्या फ्लो लूपवरून कुणीतरी कॉपी केलेला असतो. डॅम्पिंग रेशो (झुलणे किती लवकर विरते त्याचा आकडा) येतो 0.32 आणि आवर्तन सुमारे 21 मिनिटे. लेव्हल झुलते आहे म्हणून गेन 0.5 केला. आता डॅम्पिंग 0.16 आणि आवर्तन 40 मिनिटांचे. प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या 37 टक्के उरते, आधी 12 टक्केच उरत होती. लाट लांबल्यामुळे स्क्रीनवरच्या अर्ध्या तासाच्या ट्रेंडमध्ये ती सपाट वाटते आणि लूप सुधारला अशी समजूत होते. पुढच्या कॉलमला मात्र दर 40 मिनिटांनी फीड कमी-जास्त मिळत राहतो आणि तिथले लोक आपल्याच तापमानाच्या लूपमध्ये दोष शोधत बसतात.

झुलणे पूर्ण थांबवायचे असेल तर तिन्ही आकड्यांचा गुणाकार, इंटिग्रेटरचा गेन गुणिले कंट्रोलरचा गेन गुणिले इंटिग्रल टाइम, निदान 4 हवा. गेन 2 ठेवला तर इंटिग्रल टाइम 20 मिनिटे. 2 मिनिटांची सवय असलेल्यांना 20 हा आकडा पटत नाही. त्यांना वर्तुळ काढून दाखवा. मी मॉनिटरशेजारच्या लॉगबुकच्या मागच्या पानावर ते काढून दाखवतो आणि सहसा तेवढ्यावर काम होते, सूत्र सांगून होत नाही.

उजव्या अर्ध्या प्रतलातल्या झिरोची गोष्टही रूट लोकसवर एका नजरेत कळते. बॉयलर ड्रममध्ये फीडवॉटर वाढवले की गार पाण्याने बुडबुडे आक्रसतात आणि लेव्हल आधी खाली जाते, मग चढते. लोकसची एक शाखा त्या उजवीकडच्या झिरोकडे जाऊन संपणार म्हणजे संपणारच, त्यामुळे गेन फार वाढवला की लूप अस्थिर होणे अटळ आहे. तिथे ट्यूनिंगमध्ये वेळ न घालवता स्टीम फ्लो आणि फीडवॉटर फ्लो जोडून थ्री-एलिमेंट कंट्रोल करतात.

एक गोष्ट मात्र यातला कुठलाही आलेख सरळपणे दाखवणार नाही: चिकटणारा व्हॉल्व्ह. ग्लँड पॅकिंग जास्त आवळलेले असले की स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) अडकतो, कंट्रोलरचे आउटपुट साचत जाते, मग स्टेम एकदम उडी मारतो. हे सगळे आलेख लिनिअर प्रोसेस धरून चालतात आणि ही लिनिअर गोष्ट नव्हे. ओळख सोपी आहे. लूप मॅन्युअलवर टाकल्यावर झुलणे थांबले म्हणजे झुलणे बाहेरून येत नाही, याच लूपमध्ये आहे. मग आउटपुट अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवा आणि शेजारी उभ्या टेक्निशियनला स्टेमकडे बघायला सांगा. दोन-तीन पावलांना काहीच न हलता मग एकदम हलला, तर ट्यूनिंगला हात लावू नका, व्हॉल्व्ह मेंटेनन्सकडे द्या. आउटपुट करवतीच्या दात्यांसारखे आणि फ्लो चौकोनी दिसत असेल तरी संशय हाच. गेन कमी केल्याने असा लूप बरा होत नाही, बहुतेक वेळा नुसता सावकाश झुलतो, आणि लेव्हलच्या लूपसारखाच दिशाभूल करतो.

नायक्विस्ट शेवटी ठेवला, कारण तो रोज काढावा लागत नाही. पण मार्जिन म्हणजे नेमके काय, हे त्याच्याशिवाय समजत नाही. फेज मार्जिन आणि गेन मार्जिन दोन्ही चांगले असूनही वक्र मधल्या भागात उणे एकच्या (ज्यातून वक्र गेला की लूप सतत झुलतो त्या बिंदूच्या) अगदी जवळून जाऊ शकतो. म्हणून उणे एकपासूनचे सर्वांत कमी अंतर बघण्याची सवय लावा. ते अर्ध्याच्या खाली गेले तर मी लूप नाजूक समजतो. आणि जिथे प्रोसेस स्वतःच अस्थिर आहे, उदाहरणार्थ एक्झोथर्मिक (उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेचा) रिअॅक्टर, तिथे बोडेवरचे मार्जिन एकटे वाचू नका. तिथे उणे एकभोवती वेढे मोजावेच लागतात, आणि गेन फार कमी करणेही धोक्याचे असते, कारण लूप ढिला पडला की रिअॅक्टर हातातून सुटतो.

तर क्रम असा: आधी बोडे, तोही हाताने. मग लेव्हलपुरता रूट लोकस, मग नायक्विस्ट. निकोल्स सवडीने. सॉफ्टवेअर जरूर वापरा, पायथॉनची कंट्रोल लायब्ररी फुकट मिळते, पण पहिले चार-पाच लूप कागदावर करा आणि मगच उत्तर ताडून बघा.

सुरुवात तुमच्याच प्लँटमधल्या अशा लूपपासून करा, जो रात्रपाळीत मॅन्युअलवर सापडतो. शिफ्ट इनचार्जची परवानगी घेऊन पूर्ण लोडला एक आणि निम्म्या लोडला एक स्टेप द्या. दोन्ही वेळा व्हॉल्व्ह आधी वर आणि मग तेवढाच खाली न्या, कारण चढताना आणि उतरताना आकडे वेगळे आले तर व्हॉल्व्ह किंवा पोझिशनरचा (व्हॉल्व्ह सांगितलेल्या जागी नेणाऱ्या उपकरणाचा) दोषही तिथेच कळतो. ट्रेंडचे सॅम्पलिंग निदान दर सेकंदाला ठेवायला सांगा. हिस्टोरियन (ट्रेंड साठवणारी यंत्रणा) डेटा दाबून साठवत असेल तर 20 सेकंदांचा डेड टाइम त्यात नीट दिसणार नाही. मग दोन्ही मॉडेल एकाच कागदावर काढा आणि आत्ता चालू असलेले गेन आणि इंटिग्रल टाइम दोन्हींवर घालून मार्जिन मोजा. आकडे घेताना कंट्रोलरमध्ये इंटिग्रल सेकंदात आहे, मिनिटात आहे की मिनिटाला रिपीट्समध्ये, हे मॅन्युअल उघडून पाहून घ्या.